लोट्यातल्या पोरांना तळोज्यापेक्षा कमी पगार का?

संपादक साहेब, नमस्कार.

मी खेडचा, बँकेत ३१ वर्षं क्लार्क होतो, आता रिटायर. गणपतीत माझा भाचा आणि त्याचा नवी मुंबईजवळच्या तळोज्याचा मित्र आमच्या पडवीत बसून मोबाईलवर एकमेकांना पगाराच्या स्लिपा दाखवत होते. दोघं केमिकल कंपनीत, दोघं ठेकेदाराकडे, काम तेच, ड्रम हलवायचे, पावडरच्या गोणी ओतायच्या, अंघोळ केली तरी अंगाचा वास जात नाही. पण भाचा आमच्या खेडजवळच्या लोटे एमआयडीसीत म्हणून त्याचं बेसिक कमी. मला ते बघून कसंतरीच झालं.

आपल्याकडे बहुतेक उद्योगांत किमान वेतनाची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या कमीत कमी पगाराची, परिमंडळं आहेत, भाग बदलला की दर बदलतो, साधारण महापालिकेची हद्द पहिल्यात, नगरपालिका दुसऱ्यात आणि उरलेला भाग, म्हणजे आमचं लोटेही, शेवटच्या कमी दराच्या परिमंडळात, आणि ठेकेदार किमानच्या वर एक रुपया देत नाही. गावात स्वस्ताई असते म्हणे. घरभाडं कमी हे मान्य, पण भाजी घाटावरून येते, मोठं दुखणं आलं की मुंबई नायतर कोल्हापूर गाठावं लागतं. आणि महागाईचा विशेष भत्ता बहुतेक ठिकाणी सगळ्या परिमंडळांना सारखाच धरतात, म्हणजे महागाई इकडेही तेवढीच हे सरकारलाही मान्य आहे ना, मग बेसिक का कमी?

आमच्या बँकेत युनियनवाले आणि आयबीए (बँकांच्या व्यवस्थापनांची संघटना) समोरासमोर बसून देशभरासाठी एकच करार करतात, ८ मार्च २०२४ ला सह्या झाल्या त्यात १७ टक्के वाढ मिळाली, दापोलीचा क्लार्क काय नि फोर्टचा काय, बेसिकची स्केल एकच, डीएचा म्हणजे महागाई भत्त्याचा दर एकच, फरक असलाच तर एखाद्या भत्त्यात. हे कोणी मोठ्या मनाने दिलेलं नाही, पहिला करार १९६६ चा, आधीच्या लोकांनी संप केले, पगार कापून घेतले.

लोट्यात युनियन नाही असं नाही, पण करार होतो तो एकेका कंपनीपुरता आणि तोही परमनंट लोकांचा, ठेकेदाराच्या पोराला त्यात कोणी विचारत नाही. मालक म्हणतो मी एकट्याने दर वाढवला तर शेजारच्या प्लॉटवाल्यापुढे टिकणार कसा, आणि त्याचंही अगदीच खोटं नाही, म्हणून तर सगळ्यांना एकच दर लागला पाहिजे.

युनियनच्या पुढाऱ्यांना हात जोडून विनंती, पुढच्या मागणीपत्रात कंत्राटी पोरांचा दर पहिल्या पानावर घाला, आणि लोटे, खेर्डी, मिरजोळे या आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या एमआयडीसींनी मिळून तळोज्याचाच दर मागा. भाच्याचं कंत्राट मार्चला संपतंय, तो आत्ताच बॅग भरायच्या गोष्टी करतोय.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, खेड