‘सप्टेंबर’ आडनाव एक, घराणी अनेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील केपटाउनच्या प्रवासलेखात असे एक वाक्य आहे : ‘गुलामांनी मालकांची आडनावे लावली आणि ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांना महिन्यांची आडनावे पडली.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण त्यातला क्रम उलटा आहे. जानेवारी, फेब्रुवारी, सप्टेंबर ही आधी आडनावे नव्हतीच. ती हाक मारायची नावे होती. त्यांची आडनावे पुढे झाली, आणि कशी झाली हे कळल्याशिवाय त्या आडनावांवरून कोणाचीही वंशावळ लावता येत नाही.

१६५८ ते १८०८ या दीडशे वर्षांत केपमध्ये (केपटाउनभोवतीची, आधी डचांची आणि मग इंग्रजांची वसाहत) सुमारे ६३ हजार माणसे गुलाम म्हणून आणली गेली. आफ्रिकेचा किनारा, मादागास्कर, इंडोनेशियाची बेटे आणि भारत-सिलोन असे त्यांचे ढोबळ चार वाटे पडतात. म्हणजे आपल्या बाजूचा वाटा रुपयात चार आणे. माणूस विकला गेला की त्याचे मूळ नाव बहुधा तिथेच संपे. घरधनी नवे नाव ठेवी : ज्या महिन्यात माणूस उतरला किंवा विकत घेतला त्या महिन्याचे, बायबलातले (मोझेस, अब्राहम, सॉलोमन), नाहीतर रोमन-ग्रीक पुराणातले. लाकडे फोडणाऱ्या गड्याला ‘कुपिडो’, म्हणजे कामदेव, अशी हाक मारण्यात त्या काळच्या धन्यांची करमणूक होत असावी.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. अंबर हे सुगंधी द्रव्य, काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न. मलिक अंबरचे मूळ नाव चापू होते; ‘अंबर’ हे धन्याने ठेवलेले. मौल्यवान वस्तूचे नाव विकत घेतलेल्या माणसाला द्यायची ती रीत होती. पन्हाळ्याला वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरचे नाव आपण शाळेपासून घेतो, पण ते नाव अशा प्रकारचे आहे हे पुस्तकात कोणी सांगत नाही.

आता ‘फान’, म्हणजे डच भाषेत ‘अमुक ठिकाणचा’. जुन्या डच कागदांत ‘फान बेंगालेन’, ‘फान मलाबार’, ‘फान कोरोमांडेल’ अशी नावे सापडतात. त्यांना आपल्या ‘पुणेकर-सातारकर’च्या ओळीत बसवण्याचा मोह होतो, आणि लेखात तेच झाले आहे. ‘-कर’ लोक स्वतः लावतात. हे ‘फान’ कारकून लावी, कारण एकाच वाड्यात दोन सप्टेंबर असत आणि हिशेबात घोळ होई. शिवाय ते बहुतेकदा जन्मगावापेक्षा विक्रीचे बंदर दाखवते. आतल्या मुलखातून धरून आणलेला माणूस कोचीनला जहाजावर चढला की नोंदीत तो ‘मलाबार’चा झाला. तेव्हा ‘फान बेंगालेन’ पाहून ‘पूर्वज बंगाली’ असे लिहिणे घाईचे ठरते. केपमध्येच जन्मलेले मूल ‘फान दे काप’, आणि कागदावर अनेकदा नुसती आद्याक्षरे.

बायकांच्या बाबतीत हे ‘फान’ एका पिढीतच पुसले जाई. आन्सेला फान बेंगालेन ही गुलाम म्हणून केपमध्ये आलेली बाई १६६६ मध्ये मुक्त झाली आणि १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासोन या युरोपीय माणसाशी लग्न केले. आज दक्षिण आफ्रिकेत गोरे बासोन पुष्कळ आहेत. त्या आडनावात बंगालचे एक अक्षरही नाही.

आडनाव झाले ते असे. १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच धन्याकडे राबणे १ डिसेंबर १८३८ पर्यंत चालले. (नुकसानभरपाई मिळाली ती धन्यांना.) मग चर्चच्या, मिशनच्या आणि सरकारी वहीत दुसरे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा अनेकांनी बापाचे किंवा आजोबांचे हाकेचे नाव दिले. आपल्याकडे मधले नाव दर पिढीला बदलते. तिथे ते एका पिढीला गोठले आणि तेच आडनाव झाले. अब्राहम्स, याकोब्स, डेव्हिड्स यांतला शेवटचा ‘स’ म्हणजे आपला ‘चा’ : अब्राहमचा, याकोबचा. ही आडनावे ख्रिस्ती घरांत आहेत तशी केपच्या मुस्लिम घरांतही आहेत, म्हणून आडनावावरून धर्म ओळखायला जाऊ नये. आणि गावोगावच्या वाड्यांत वेगवेगळे सप्टेंबर होते, म्हणून दोन सप्टेंबर घराणी एकमेकांची भाऊबंद असतीलच असे नाही. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये ज्यांची हत्या झाली त्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्या डल्सी सप्टेंबर यांचे आडनाव याच परंपरेतले.

शोध घेणारे नेमके कुठे अडतात तेही सांगतो. ते १८३४ च्या आधीच्या वहीत आडनाव शोधतात. तिथे ते नसते. १८१६ पासून ठेवलेली गुलामनोंद वही धन्याच्या नावाने लावलेली आहे. धन्याच्या पानावर गुलामाचे नाव, लिंग, वय, मूळ ठिकाण, काम आणि पुढे जन्म, मृत्यू, विक्री. म्हणून आधी १८३८ नंतरच्या कागदांतून माणूस कोणत्या शेतावर किंवा घरी होता हे काढायचे, मग धनी, मग त्याचे पान. मागे जाताना बापाचा माग सोडून आईचा धरायचा : मूल आईच्या दर्जाचे, म्हणजे आईच्या धन्याचे धरले जाई, आणि बापाची जागा बहुधा कोरीच असते. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदललेलेही आढळते. नाव जुळले पण वय चार-पाच वर्षांनी चुकले तर नोंद लगेच टाकून देऊ नये, कारण वय अंदाजानेच लिहिले जाई. आईचे नाव आणि धनी दोन्ही जुळत नसतील तर मात्र खुशाल टाकावी.

मालकाचे आडनाव लावल्याचे दाखले अर्थातच आहेत, अमेरिकेत तर भरपूर. पण दक्षिण अमेरिकेतल्या, डचांच्याच सुरिनाममध्ये उलट नियम होता : मुक्त होणाऱ्याला वसाहतीतल्या प्रचलित घराण्याचे आडनाव घेता येत नसे. १ जुलै १८६३ रोजी तिथली गुलामगिरी संपली आणि आडनावे वाटायची वेळ आली, तेव्हा अक्षरे फिरवून वाट काढलेली दिसते. दे व्हरीसचे ‘व्हरीसदे’, विल्केन्सचे ‘केन्सविल’. ‘माद्रेत्स्मा’ हे आडनाव रोमन लिपीत लिहून उजवीकडून डावीकडे वाचावे, अ‍ॅमस्टरडॅम निघते.

लेखात जाता जाता मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचाही उल्लेख याच संदर्भात आला आहे. तिथेही पहिल्या मजुराचे एकेरी नाव पुढे आडनाव झाल्याचे दिसते, पण ते गिरमिटिये होते. करारावर गेलेल्या मजुराची नोंद त्याच्या स्वतःच्या नावाने आणि क्रमांकाने होई. ती कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथे शोध मजुरापासून सुरू होतो, केपमध्ये धन्यापासून. दोन्ही एका वाक्यात घालू नयेत.

दुरुस्ती छापणार असाल तर एक विनंती : महिन्यांची आडनावे रोमन लिपीतही द्यावीत, आणि दोन्ही वळणांनी, कारण आफ्रिकान्स जानेवारीच्या शेवटी ‘आय-ई’ येते, इंग्रजी जानेवारीच्या शेवटी ‘वाय’, आणि सख्ख्या भावांच्या दाखल्यांवरही ही दोन रूपे वेगवेगळी असू शकतात.

आपला,
एक वाचक, पुणे