नुसते उचलून बसवले?

संपादक महोदय,

युद्धनौकांच्या इंजिनांवरचा कालचा लेख वाचला. विमानाचे इंजिन उचलायचे आणि जहाजात बसवायचे, एवढ्यात लेखकमहाशयांनी विषय उरकला आहे. छान! आज सकाळी सोसायटीच्या बाकावर एका शेजाऱ्यांनी मला विचारलेच, "मग तुमची बोट मागून जाळ सोडत पळायची का हो?"

एलएम-२५०० हे युद्धनौकांवरचे गॅस टर्बाइन इंजिन सी-५ गॅलक्सी आणि डीसी-१० विमानांच्या इंजिनांच्या घराण्यातले, हे खरे. पण जहाजासाठी पुढचा मोठा पंखा काढून टाकतात. गरम वायूने जहाज ढकलायचे नसते. त्यावर मागची सहा टप्प्यांची वेगळी टर्बाइन फिरते, ती गिअरबॉक्समार्फत प्रोपेलर फिरवते. इंजिन उलटे फिरत नाही, म्हणून शिवालिकसारख्या नौकांवर प्रोपेलरची पातीच वळवतात, तेव्हा कुठे जहाज मागे येते.

आणि मीठ? लेखात त्याचा चकार शब्द नाही! विमान ढगांवरून जाते, आम्ही चोवीस तास खाऱ्या हवेत. तुषार अडवायला जाळ्या असतात, तरी मीठ आत शिरतेच. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या भागाच्या, पात्यांवर थर बसला की इंजिनाचा दम कमी होतो. पुढे गरम भागात तेच मीठ इंधनातल्या गंधकाशी संगनमत करून टर्बाइनची पाती खाते. म्हणून कॉम्प्रेसर धुवायचा. इंजिन न पेटवता नुसते स्टार्टरवर फिरवायचे, साबणपाणी सोडायचे, मुरू द्यायचे, मग शुद्ध पाण्याने धुवायचे. एका गणपतीत मुंबईला लागलो, बाकीचे लिबर्टीवर, म्हणजे सुट्टी घेऊन किनाऱ्यावर, गेले आणि आम्ही खाली हेच करत बसलो. ड्रेनमधून कोऱ्या चहासारखे पाणी येत होते. आमचे चीफ त्या पाण्यात हाताचे बोट बुडवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून एकदा." घरची आरती हुकली ती हुकलीच. 'नुसते बसवले' म्हणणाऱ्यांनी एकदा ते पाणी बघायला यावे.

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र १९६१ च्या जुन्या विक्रांतचे आहे. ती वाफेवर चालायची आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. चार एलएम-२५०० आहेत ते २०२२ मध्ये कोचीला दाखल झालेल्या नव्या विक्रांतवर. माझे मागचे पत्र जागेअभावी निम्मे कापलेत, या चुकीच्या जहाजाला मात्र चार कॉलम सापडले.

आपला,
नौदलातून निवृत्त एक इंजिनरूमवाला, डोंबिवली