रव्या, तुझ्या रिपोर्टबद्दल

सातारा,
१२ ऑगस्ट

प्रिय रव्या,

तुझा एमआरआयचा रिपोर्ट आणि पाठोपाठ आलेला तो लांबलचक व्हॉइस मेसेज, दोन्ही मिळाले. फोनवर काही सांगायला गेलो की तू मधेच "म्हणजे ऑपरेशन लागणारच ना?" असं विचारतोस आणि विषय तिथेच अडतो. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय.

एक तर तुझा डावा पाय ठणकतो, पण त्या पायाला काहीही झालेलं नाही. पोटरीला चोळलेला बाम फुकट गेला. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून (कमरेखालच्या तिकोनी हाडातून) नसांची पाच मुळं निघतात. ती एकत्र येऊन सायटिक नस होते. शरीरातली सगळ्यात जाड नस ही, जवळपास अंगठ्याएवढी. कुल्ल्याच्या स्नायूखालून मांडीच्या मागे उतरते, गुडघ्याच्या वर दुभंगते आणि पार बोटांपर्यंत जाते. मुळाशी दाब पडला तरी मेंदूला वाटतं पायच ठणकतोय.

दाब कशाचा? दोन मणक्यांमधल्या गादीत आत मऊ गर असतो आणि भोवती चिवट कडं. कड्याला चीर गेली की गर बाहेर येतो आणि शेजारच्या मुळाला भिडतो. नुसता भिडत नाही, त्यातल्या रसायनांनी मूळ सुजतं. पहिल्या काही आठवड्यांत रात्री कूस बदलताना जी कळ येते ना, तिच्यात दाबापेक्षा या सुजेचा वाटा मोठा असतो. सूज उतरते. बाहेर आलेला गरही शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे पार सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा बारक्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'लार्ज' दिसला म्हणून कुणी घाबरवलं तर लगेच घाबरू नये.

आता तुझा रिपोर्ट. त्यात चार ओळी भयानक वाटतात, पण कामाची एकच आहे: एल-५ (कमरेचा शेवटचा मणका) आणि एस-१ (त्रिकास्थीचा पहिला भाग) यांमधली गादी डावीकडे बाहेर येऊन एस-१ च्या मुळाला लागलीय. तुझी कळ मांडीच्या मागून पोटरीत, तिथून टाचेच्या बाहेरच्या बाजूला जाते आणि करंगळीला मुंग्या येतात. हे एस-१ शी तंतोतंत जुळतं. वरच्या मणक्यातला 'बल्ज' (गादीचा फुगवटा) आणि ते 'डिजनरेटिव्ह चेंजेस' (वयाने होणारी झीज) सोडून दे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा आला होता. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांत गादीचा फुगवटा होता, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. आपण दोघं पन्नाशी ओलांडलेले. माझा स्कॅन काढलास तर त्यातही असल्या दोन ओळी निघतील.

म्हणून मी फिल्मपेक्षा पायावर जास्त विश्वास ठेवतो. गेल्या खेपेला दिवाणावर उताणा झोपवून तुझा पाय सरळ वर उचलला, तर चाळीसेक अंशांवरच तू वहिनींसमोर मला कचकचीत शिवी हासडलीस. ती शिवी म्हणजे रिपोर्टच होता. आता घरी एक कर. स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून फक्त उजव्या पायाच्या चवड्यावर दहा वेळा उंच हो, मग डाव्या. वहिनींना मागून टाच बघायला सांग. डावी टाच उजवीएवढी वर जात नसेल किंवा पाचव्या-सहाव्या वेळेलाच थकत असेल तर मला कळव. दुखणं कमी-जास्त होत राहतं, त्याचं मी फार मनावर घेत नाही. ताकद कमी होत गेली तर मात्र घेईन.

काकूंना तुझे व्यायाम शिकवू नकोस हं. त्यांचं वेगळं आहे. मंडईपर्यंत चालल्या की दोन्ही पाय भरून येतात आणि ओट्यावर टेकून वाकलं की बरं वाटतं, म्हणजे बहुधा मणक्यातली नसांची वाटच अरुंद झालीय. त्यांना मागे वाकायला लावलंस तर त्रास वाढेल. तू आणि तुझ्या लाडक्या सिगारेटी मात्र वेगळा विषय. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आजूबाजूच्या हाडातून पाझरेल त्यावर ती जगते, आणि धूर तेवढंही कमी करतो. त्यात सांगली-कोल्हापूर-सोलापूर दिवसभर गाडीत हादरे खात बसणं. आणि मागच्या खिशातलं ते जाडजूड पाकीट आधी पुढे घे.

उपचारांचं सांगतो. पडून राहू नकोस. १९९९ मध्ये हॉलंडमधल्या डॉक्टरांनी सायटिकाच्या, म्हणजे या नसेच्या दुखण्याच्या, निम्म्या रुग्णांना दोन आठवडे पलंगावर ठेवलं आणि निम्म्यांना हिंडू-फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोक सुधारले होते. म्हणजे पडून काही मिळालं नाही. दर अर्ध्या तासाने ऊठ, घरातल्या घरात चाल. कमरेचा पट्टा प्रवासापुरता बांध, दिवसभर नको.

मी दाखवलेला पालथं झोपून कोपरांवर उठायचा व्यायाम करताना कळ कुठे जाते ते बघ. पायातली कळ वर सरकून कुल्ल्यात आली तर उत्तम, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट ती खाली टाचेकडे उतरू लागली तर तिथेच थांब. चाळीस व्यायामांच्या व्हिडिओपेक्षा ही एवढी खूण उपयोगी पडते.

प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीबद्दल तू विचारलंस. ऑस्ट्रेलियात २०१७ साली सायटिकावरच तिची चाचणी झाली. पायाचं दुखणं औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त लोकांना आली. तू गाडी चालवतोस. पण परस्पर बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर. वेदनाशामक गोळ्याही, तुझं बीपी आणि अॅसिडिटी बघता, त्यांच्या सल्ल्यानेच आणि थोडेच दिवस. कमरेतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना तेवढ्यापुरता आराम देतं, झोप लागते, व्यायाम जमतो. आजार मात्र त्याने जात नाही.

आणि ऑपरेशन. मी त्याच्या विरुद्ध नाही. २००७ मध्ये हॉलंडमध्येच २८३ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना थांबवून औषधं-व्यायाम. ऑपरेशनवाले लवकर मोकळे झाले, हे खरं. पण वर्षाने दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावं लागलं, हेही तितकंच खरं. म्हणजे आज तुझ्यापुढे प्रश्न आहे तो किती दिवस सोसवतं याचा. दीड-दोन महिने नीट प्रयत्न करूनही झोप आणि काम दोन्ही जात असेल, तर सर्जनकडे मीच तुझ्याबरोबर येईन.

आता एक गोष्ट वहिनींनाही वाचायला दे. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकणारी जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले किंवा पाऊल उचलता येईना, तर रात्रीचे दोन वाजले असोत, जिथे मणक्याचा सर्जन आणि एमआरआय दोन्ही आहेत तिथे थेट जायचं. "वयामुळे प्रोस्टेट असेल" म्हणून सकाळची वाट बघायची नाही. खालच्या सगळ्या नसांचा जुडगा दाबला गेलेला असतो, आणि काही तासांचा उशीर झाला तरी लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. मला फोन नंतर करा.

पाठीवर पाय देऊन मणके मोडणाऱ्या त्या बाबांकडे जायचं नाही. वहिनींनी हलक्या हाताने कोमट तेल लावलं तर खुशाल लावून घे.

पुढच्या रविवारी ये, पण गाडी चिरंजीवांना चालवू दे आणि वाटेत दोनदा उतरून चाला. काकूंनाही घेऊन ये, त्यांना चालवून बघतो. आणि टाच मोजल्याचं त्याआधी कळव.

तुझा,
मिलिंद