ऐरोलीच्या ताईंना, 'आजी आजोबा' या खात्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

मराठी टायपिंगसाठीचा आमचा टेक्स्ट एडिटर लिनक्सवरून विंडोज आणि मॅकवर नेण्याचं काम तुम्ही पुरं केलंत, तेही एक पैसा न घेता. फोनवर 'थँक्यू' म्हणून भागणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याआधी ज्यांनी हे काम घेतलं होतं, त्यांनी पैसे पूर्ण घेतले आणि फाइल्स कुठे ठेवायच्या ते सगळे पत्ते विंडोजच्या प्रोग्राम फाइल्स या फोल्डरवर वळवून ठेवले. सेटिंग्ज तिथे, लोकांनी जमवलेला शब्दकोशही तिथेच. साध्या खात्याला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते. आपली प्रत जुन्या पद्धतीची ३२ बिट, त्यामुळे विंडोज ती फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअरमध्ये, म्हणजे त्या खात्यापुरत्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये, टाकत होतं. तक्रार केली की ठरलेलं उत्तर यायचं, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा.' तसं उघडलं की एडिटर खऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये बघणार, म्हणजे शब्दकोश दोन झाले आणि कालपर्यंत भरलेले शब्द आज गायब! आपल्याच हातून काही पुसलं गेलं असं समजून नौपाड्यातल्या डीटीपीवाल्या काकू दोनदा रडवेल्या झाल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही प्रत्येक पत्ता त्या त्या सिस्टिमलाच विचारलात. लिनक्सवर एक्सडीजी कॉन्फिग होम (सेटिंग्जची जागा सांगणारं व्हेरिएबल) भरलेलं असेल तर ते, रिकामं असेल तर होममधलं डॉट कॉन्फिग. मॅकवर लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट. विंडोजवर सेटिंग्ज आणि शब्दकोश प्रत्येक खात्याच्या ॲपडेटा फोल्डरातल्या रोमिंगमध्ये, पुन्हा बनवता येणारी कॅश (तात्पुरता साठा) त्यातल्याच लोकलमध्ये. विंडोजवर 'होम' या व्हेरिएबलवर विसंबायचं नाही, कारण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते टाकलं असेल तरच ते असतं. दोन्हीकडचे जुने शब्दकोश एकत्र केलेत आणि मूळ फाइल्सना हात लावला नाहीत.

पण मन भरून आलं ते एका लहानशा गोष्टीने. ठाण्यात आलात तेव्हा तुमच्या लॅपटॉपच्या लॉगिनवर एक जादा खातं दिसलं. नाव 'आजी आजोबा', मध्ये एक स्पेस.

विंडोजमध्ये मराठीला एएनएसआय म्हणतात ते जुनं आठ बिटांचं कोड पेज (अक्षरांचा तक्ता) कधी मिळालंच नाही, देवनागरी आली ती युनिकोडमधूनच. म्हणून एएनएसआयवाल्या जुन्या फंक्शनने या खात्याचा पत्ता मागितला की यूजर्सच्या पुढे तीन प्रश्नचिन्हं, स्पेस आणि पाच प्रश्नचिन्हं येतात. आ, ज, वेलांटी. आ, ज, ओकार, ब, काना. प्रत्येकामागे एक. प्रश्नचिन्ह तर विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही, मग फाइल उघडणार कुठून? तुम्ही सगळीकडे वाइड कॅरेक्टरची, म्हणजे युनिकोड नावं जशीच्या तशी घेणारी, फंक्शनं घातलीत. मे २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये मॅनिफेस्टमधून (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमधून) जुन्या फंक्शनांसाठीही यूटीएफ-८ हे युनिकोडचं रूप मागता येतं, पण झेरॉक्सच्या दुकानांत अजून विंडोज ७ चालू आहे, हे तुमच्या लक्षात होतं. आणि स्पेस अशासाठी, की शुद्धलेखन तपासणीच्या प्रोग्रामला पत्ता देताना अवतरणचिन्हं राहिली तर तो 'आजी'पाशीच तुटतो.

एडिटर मराठी, वापरणारे मराठी, पण मराठी नावाच्या खात्यावर तो चालतो का हे आधी कुणी बघितलंच नव्हतं.

मॅकसाठी तुमची चाचणीची फाइल होती 'सातबाऱ्याची नक्कल'. त्यातला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची डिस्कवर फाइल्स ठेवण्याची जुनी पद्धत, एचएफएस प्लस, तो फोडून साठवते; नवी, एपीएफएस, दिला तसा ठेवते. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण 'अलीकडच्या फाइल्स'मध्ये एकच फाइल दोनदा यायची. आता तुलनेआधी दोन्ही नावं एका रूपात आणली जातात.

दुसऱ्याच्या घरी गेलं की चपला कुठे काढायच्या ते आधी विचारावं, ही आपल्याकडची साधी रीत. ती पाळणारी माणसं हल्ली भेटत नाहीत असं नाही, पण कोडमध्येही पाळणारी फार कमी. तुम्ही ती पाळलीत, आणि तीही ज्यांना तुम्ही कधी भेटणार नाही अशा लोकांसाठी.

ते खातं आता आमच्या मशीनवरही केलं आहे. नवी प्रत बाहेर जाण्याआधी एकदा 'आजी आजोबा' म्हणून लॉगिन करून उघडली जाते.

तुमचे ऋणी,
एडिटरवर काम करणारे सगळे, नौपाडा, ठाणे