आधी गाणं होऊ द्या, मंच मागून बांधू

संपादक महोदय, स. न.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र होतं की परदेशात नदीकाठी कसे मस्त ओपन एअर मंच असतात आणि आपल्याकडे पुण्यात मुळा-मुठेच्या काठी एवढं ४४ किलोमीटरचं नदीकाठ सुधारायचं काम काढलंय तर त्यात असा एक भव्य कायमस्वरूपी मंच का नको. ते मी इथं ई-पेपरवर वाचलं आणि योगायोग बघा, त्याच दिवशी संध्याकाळी मी अशाच एका मंचासमोर सतरंजी टाकून बसले होते, डब्यात दडपे पोहे घेऊन. सध्या लेकीकडे आलेय, बॉस्टनच्या नदीपलीकडे केंब्रिजला. म्हटलं आपणही लिहावं. पत्र लांबलंय ते माहितीये, कापायचं तर शेवटचं कापा, मधलं ठेवा.

तर हा मंच म्हणजे हॅच शेल. चार्ल्स नदीच्या काठी एस्प्लनेड नावाची लांबच लांब बाग आहे त्यात. दिसायला कसा, तर मोठी करवंटी अर्धी फोडून उभी करावी तसा, आतून सगळं लाकूड, आणि समोर नुसतं गवत. खुर्च्या नाहीत पायऱ्या नाहीत, ज्याने त्याने आपली चादर आणायची. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी तिथं लँडमार्क्स ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम असतात, तिकीट नाही पास नाही. आम्ही पुलावरून चालत गेलो, जावई म्हणाले आई जरा बघून बसा, आणि ते का म्हणाले ते लगेच कळलं कारण गवतावर बदकांची, नाही, त्या मोठ्या कॅनडा गूजची घाण सगळीकडे. म्हणजे अगदी स्वर्ग वगैरे नाहीये हां. मागे सतत गाड्यांचा आवाज, डास, पुलावरून मेट्रो गेली की खडखड, आणि व्हायोलिनं स्पीकरमधूनच ऐकायची. पण शेजारी एक माणूस ऑफिसची बॅग उशाला घेऊन आडवा पडलेला, एक बाई विणत बसलेली, नदीत दोन-चार जण होडी थांबवून ऐकतायत, आमचा सहा वर्षांचा नातू पोहे खाऊन दुसऱ्या तुकड्याला झोपला, आणि कोणी कोणाला शुक् केलं नाही.

मंचावर दगडात संगीतकारांची नावं कोरलीयत, ऐंशीच्या वर. मी आपली एकेक वाचत होते तर लेक म्हणाली यात बाई एकच आहे, एमी बीच, आणि तिचं नाव २००० साली घातलं. १९४० चा मंच आणि पहिली बाई २००० साली! बीचबाई बॉस्टनमधेच राहायच्या, म्हणजे लांबची पाहुणी पण नाही. असो, तो विषय वेगळा, पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

आता मुद्दा. घरी येऊन मी याची माहिती वाचत बसले (झोप येत नव्हती) आणि मला जे सापडलं ते त्या पत्रलेखकांना सांगायचंय. हा मंच आधी बांधला आणि मग गाणं आलं असं झालेलंच नाही. ४ जुलै १९२९ ला आर्थर फिडलर नावाच्या चौतीस वर्षांच्या वादकाने, जो बॉस्टन सिंफनीत तंतुवाद्य वाजवायचा, नदीकाठी फुकट कार्यक्रम सुरू केले कारण हॉलमधे तिकीट काढून येणं सगळ्यांना जमत नाही. पैसे त्याने स्वतः दारोदार फिरून जमवले. आणि मंच? लाकडी, तात्पुरता. लोक आले, परत आले, मग काही वर्षांनी पत्र्याचा झाला, आणि आज जो दिसतो तो रिचर्ड शॉ नावाच्या आर्किटेक्टचा पक्का मंच १९४० साली. म्हणजे अकरा वर्षं आधी नुसती मैफल. तोवर कुठे उभं राहिलं तर आवाज नीट जातो, लोक कुठून येतात, किती येतात हे सगळं कळलेलं. पक्क्या मंचाचे पैसे पण कुठल्या बजेटातून नाही आले, मरिया हॅच नावाच्या बाई १९२६ साली गेल्या त्यांनी भावाच्या नावाने स्मारक करा म्हणून मागे ठेवलेले. चौदा वर्षं ते पैसे थांबले आणि बरंच झालं म्हणायचं, नाहीतर कुठेतरी एक कारंजं झालं असतं आणि बंद पडलं असतं.

आपल्याकडे उलटं. आधी भूमिपूजन, मग मंच, मग उद्घाटन, आणि मग विचार की इथं करायचं काय.

फिडलर पुढे पन्नास वर्षं हे करत राहिला, १९७९ ला जाईपर्यंत. त्याचं मोठं डोकं त्या बागेत आहे, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या थरांचं, लांबून माणूस दिसतो आणि जवळ गेलं की नुसत्या चकत्या. नातवाला ते मंचापेक्षा जास्त आवडलं. १९७४ ला कोणीतरी सुचवलं म्हणून चार जुलैला त्याने चायकोव्हस्कीची १८१२ वाली रचना खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि फटाके लावून केली आणि १९७६ ला चार लाख माणूस आलं, गिनीज बुकात नोंद झाली. आम्ही यंदा चार तारखेला गेलो नाही, सकाळपासून जागा धरून बसावं लागतं आणि २०१३ च्या मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर तपासणी पण कडक झालीये, तोफा आम्ही गच्चीतूनच ऐकल्या. आणि सगळंच गोड झालं असं पण नाही, १९९४ ला ग्रीन डे या रॉक बँडचा फुकट कार्यक्रम ठेवला तेव्हा अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, साठ-सत्तर हजार पोरं आली, रेटारेटी झाली, थोड्याच गाण्यांनंतर कार्यक्रम बंद करावा लागला, धरपकड झाली. फुकट ठेवलं की गर्दीचा अंदाज चुकतो, हे पण लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट नदीची, आणि हे मधलं म्हणजे हेच, हे कापू नका. चार्ल्स नदी तिथं पूर्वी समुद्राच्या भरती-ओहोटीची होती, ओहोटीला चिखल उघडा पडायचा आणि वास यायचा. १९१० साली मुखाशी धरण बांधलं तेव्हा पाणी एका पातळीला स्थिर झालं आणि काठ हा काठ राहिला, नंतर १९७८ ला पंपांसकट नवं धरण केलं म्हणजे जास्तीचं पाणी उपसून समुद्रात टाकता येतं. तिथलं धरण आहे खालच्या अंगाला आणि आपलं खडकवासला आहे वरच्या अंगाला! तिथं पाणी बाहेर घालवतात, आपल्याकडे पाणी आपल्या अंगावर सोडतात. दर पावसाळ्यात विसर्ग वाढला की भिडे पूल बंद, २०२४ च्या जुलैमधे सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं ते ताजंच आहे, आणि १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस, तर पुण्यातल्या माझ्या वयाच्या कोणालाही सांगायला नको. मी तेव्हा अगदी लहान होते, आईच्या कडेवर, पण घरात वर्षानुवर्षं "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतच्या नंतर" असंच कॅलेंडर होतं. अशा नदीच्या पात्रालगत काँक्रीटची करवंटी उभी करायची म्हणजे पहिल्या विसर्गात गाळाचं भांडं. आणि बॉस्टनला सीझन असतो जून ते ऑगस्ट, आपल्याकडे ते महिने पुराचे. आपला सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा नदीत पाणी नसतं, जे असतं ते काय असतं ते नाकाला विचारा.

वासाचं पण सांगते. चार्ल्स पण घाणच होती, बदनाम होती. १९९५ साली तिथल्या पर्यावरण खात्याने नदीला शाळेतल्या पोरासारखं प्रगतीपुस्तक द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या वर्षी ग्रेड मिळाली डी. मग सांडपाणी कुठून येतंय ते पाइप शोधून शोधून बंद केले, अजून करतायत, आता बहुतेक वर्षी बी च्या आसपास असते. लोक होडी थांबवून गाणं ऐकतात ते यामुळे. मुठेत होडी घालून कोणी ऐकेल का? मुठेला दरवर्षी असं प्रगतीपुस्तक तुमच्याच पेपरने छापावं ही एक सूचना, मंचाला जेवढा खर्च येईल त्याच्या शतांशात होईल.

आणि रस्ता. हेलन स्टॉरो नावाच्या बाईंनी नवऱ्याच्या आठवणीत या बागेसाठी दहा लाख डॉलर दिले, तेव्हा नदीकाठून मोटाररस्ता काढायचा प्लॅन होता तो बाजूला ठेवला गेला. बाई होत्या तोवर विरोध करत राहिल्या. १९४४ ला त्या गेल्या आणि १९५१ ला रस्ता झालाच, आणि नाव काय दिलं, तर स्टॉरो ड्राइव्ह, त्यांच्याच नवऱ्याचं! मी हसले आणि मग वाटलं यात हसण्यासारखं काय आहे, आपल्याकडे पण तेच करतात. तर तो गाड्यांचा आवाज मी म्हटला ना, तो हा. बागेत जायला आता रस्त्यावरून पादचारी पूल घालावा लागलाय, त्याला फिडलरचं नाव आहे.

आपल्याकडे डेक्कनला पात्रातून मेट्रोचे खांब गेलेच आहेत. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, त्याच्या पाठीशीच नदी आहे, पण मध्यंतरात चहा पिताना नदी बघितलीय असा एक प्रेक्षक मला दाखवा. आपण नदीकडे पाठ करून बांधलं आणि आता तोंड करून बांधू म्हणतोय, चांगलंय, पण जरा दमाने.

कोणी म्हणेल बाई अमेरिकेत जाऊन आल्या आणि लागल्या शिकवायला. तसं नाहीये हो. तात्पुरत्या मंचावरच्या मोठ्या गाण्याचं आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. सवाई गंधर्व १९५३ पासून आहे, कित्येक वर्षं रमणबागेत शाळेच्या मैदानावर मांडव घालून झाला, पक्की इमारत नाही काही नाही, आणि पूर्वी रात्रभर चालायचा, आम्ही घोंगड्या घेऊन जायचो आणि पहाटे पहाटे भीमसेनांना ऐकून थेट कामावर. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद या नियमाने तो प्रकार संपला, नियम बरोबर असेल, मला आठवण येते एवढंच. म्हणजे बॉस्टनने १९२९ ला जे केलं ते आपल्याला येतं. आपल्याला जे येत नाही ते वेगळंच. गेल्या दिवाळीत मी एका दिवाळी पहाटला गेले होते, नाव घेत नाही, "विनामूल्य" लिहिलेलं, पहाटे पाचला पोचले तर पुढच्या आठ रांगा राखीव, त्यापुढे पांढरे सोफे, आणि पहिला स्वर लागायच्या आधी पस्तीस मिनिटं सत्कार, शाल, नारळ, पुन्हा शाल. गायिका बिचारी तंबोरा लावून बसलेली, तो उतरला असेल तेवढ्यात. नदीकाठी मंच बांधला तर पहिले येतील ते सोफे, याची मला खात्री आहे.

म्हणून त्या पत्रलेखकांना आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना माझं म्हणणं एवढंच की येत्या जानेवारीत नदीकाठच्या कुठल्यातरी बागेत, पूररेषेच्या बाहेर, चार रविवार संध्याकाळी पाच ते आठ नुसता लाकडी चौथरा टाका, शाळेच्या स्नेहसंमेलनाला टाकतात तसा, दुसऱ्या दिवशी उचलता येईल असा. एक रविवार शास्त्रीय, एक पोरांचा बँड, एक भजनी मंडळ, एक काय वाटेल ते. सोफे नकोत, सत्कार नको, बॅनर नको. कचऱ्याचे डबे आणि बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट मात्र पाहिजे, यावर तडजोड नाही. किती लोक येतात, नाकाला रुमाल लावून किती वेळ बसतात, पलीकडच्या सोसायट्या काय म्हणतात ते बघू. चारही रविवार माणूस टिकलं तर पुढच्या वर्षी दहा करा.

मी नोव्हेंबरात परत येतेय. सतरंजी माझी मी आणेन.

आपली,
एक जुनी वाचक, सदाशिव पेठ
(सध्या मुक्काम केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स)