तंजावरच्या भिंतीवरचा जमाखर्च

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरचा लेख वाचला. शिखराची उंची आली, सरफोजीराजांच्या काळात 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आला आणि शिखराची सावली जमिनीवर पडत नाही ही लोणकढीही आली. (पडते. भर उन्हात जाऊन बघावं.) पण एवढं मोठं देऊळ चालायचं कशावर, याबद्दल अवाक्षर नाही. उत्तर तिथल्याच भिंतींवर तमिळमध्ये खोदलेलं आहे.

हे देऊळ हजारेक वर्षांपूर्वी बांधणाऱ्या पहिल्या राजराज चोळाची आज्ञाच होती : आम्ही दिलं ते, आमच्या अक्कानं दिलं ते, आमच्या बायकांनी दिलं ते, इतरांनी दिलं ते, सगळं दगडावर कोरा. अक्का म्हणजे कुंदवै. देवासाठी ठेवलेली रक्कम तिजोरीत पडून राहत नसे. ती गावच्या सभांना कर्जाऊ दिली जाई. व्याज वर्षाला एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के. आपल्या पतसंस्थांना हा दर ओळखीचा वाटेल! काही गावं रोख भरत, काही एका कासूमागे (तेव्हाचं नाणं) तीन कुरुणी (धान्याचं माप) भात घालत. अशाच व्याजातून देवाच्या स्नानाच्या पाण्यासाठी वेलची, चाफ्याच्या कळ्या आणि वाळा येई.

राज्यभरच्या देवळांतून इथे 400 नर्तकी आणल्या होत्या. प्रत्येकीचं नाव, मूळ देऊळ, आळी, घरांची ओळ, कितवं घर, सगळी नोंद आहे. प्रत्येकीचा वाटा वर्षाला 100 कलम (हेही धान्याचंच माप) भात. त्या राजीखुशीने आल्या की कसं, हे मात्र दगडाने विचारलेलं नाही.

हे भात पिकवणारे कुठे आहेत? ते सापडतात सारामाफ जमिनींच्या यादीत : गावठाण, तळी, गावातून जाणारे कालवे, कारागिरांची वस्ती, परैयर या शेतात राबणाऱ्या जातीची वेगळी वस्ती, स्मशान. वस्ती नोंदवली, माणसं नाहीत. नर्तकींना नावं आहेत, शेतात राबणाऱ्यांना नाहीत. जिंकलेल्या सिंहलद्वीपातल्या गावांचं उत्पन्नही याच देवळाला लावलेलं होतं. पुरवणीतल्या लेखातलं चोळांचं ‘सुवर्णयुग’ हे या हिशेबावर उभं होतं, एवढं तरी यायला हवं होतं.

हे कोरीव लेख इंग्रजी भाषांतरासह छापून शंभरावर वर्षं झाली. त्यातला कुंदवैचा एक तरी लेख जाणकाराकडून मराठीत करून घेऊन पुरवणीत द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा