प्रकाश-उत्प्रेरकाची निविदा काढण्याआधी : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र शासन

विषय : सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांसाठी प्रकाश-उत्प्रेरक वापरताना निविदेत घालायच्या अटी

महोदय,

मैलाशुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मैला खातात, पण कार्बामॅझेपीनसारखे औषध त्यांच्या हाताला लागत नाही. ते जवळजवळ तसेच मुळा-मुठेत उतरते आणि पुढे भीमेतून उजनीकडे जाते. प्रकाश-उत्प्रेरकाने, म्हणजे प्रकाश पडला की प्रदूषक तोडणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पावडरीने, असे रेणू तुटतात. हे तंत्र खरे आहे आणि ते पुण्यात यावे अशी आमचीही इच्छा आहे. म्हणूनच ते चुकीच्या जागी बसू नये, यासाठी हे पत्र.

टायटॅनियम डायऑक्साइडवर सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश पडला की पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील रासायनिक तुकडे, तयार होतात आणि समोर येईल तो सेंद्रिय रेणू तोडतात. मेख इथेच आहे. पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५० मिलिग्रॅम आणि औषध काही मायक्रोग्रॅम असेल, तर मूलके बाकीच्या घाणीवरच खर्ची पडतात. बायकार्बोनेट आणि क्लोराइडही त्यांना गिळतात. म्हणून हा टप्पा जैविक प्रक्रिया, निवळण आणि वाळूची गाळणी यांच्यानंतर, अगदी शेवटी हवा. उघड्या नाल्यात किंवा नदीपात्रात तो बसवण्याचा प्रस्ताव आला तर तिथेच नाकारावा.

प्रात्यक्षिकात बहुधा मिथिलीन ब्लूचे निळे पाणी दाखवतात. चिमूटभर पावडर, वर दिवा आणि थोड्या वेळात पाणी पांढरे. पण हा रंग पावडरीला चिकटतो, स्वतःच प्रकाश शोषून विरतो, आणि कधी कधी नुसत्या रंगहीन रूपात जातो. बाटली हवेत हलवली की निळा परत येतो! रंग गेला म्हणजे रेणू संपला असे नाही. म्हणून आधी अर्धा तास अंधारात ढवळून नमुना घ्यावा, पावडरीशिवाय नुसत्या दिव्याची चाचणी वेगळी करावी, आणि शेवटी टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, मोजावा. चाचणीचे पाणीही केंद्राच्या बाहेर पडणारेच असावे, नळाचे नव्हे.

दुसरा प्रश्न पावडरीचा. लिटरला १ ग्रॅम हे प्रमाण धरले तर दिवसाला १० लाख लिटर पाण्यातून १,००० किलो पावडर फिरते. कण २०-३० नॅनोमीटरचे, ते साध्या गाळणीत थांबत नाहीत. एक टक्का निसटली तरी रोज १० किलो नदीत! पटलगाळणी (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची, मेम्ब्रेन गाळणी) लावली तर ती तुंबते, तिच्या धुण्याचा खर्च वेगळा. काचेवर किंवा सिरॅमिकवर थर बसवला तर पावडर गाळायची कटकट वाचते. मात्र प्रदूषक थरापर्यंत पोचायला वेळ लागतो, वेग घटतो आणि थर हळूहळू खरवडून निघतो.

आता वीज. एखादे प्रदूषक एक घनमीटर पाण्यात एक दशांशावर आणायला किती युनिट लागतात, हा सर्वांत प्रामाणिक आकडा. प्रकाशित तुलनांमध्ये ओझोन वायूने पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीसाठी तो साधारण १ युनिटच्या आत असतो, दिव्यावर चालणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकासाठी १०० च्या वर. म्हणजे पुण्यात या तंत्राची खरी बाजू सूर्यप्रकाशाचीच. त्यातही या पावडरीला लागणारा अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के, आणि जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले. दिवा वापरायचाच असेल तर त्याच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षार आणि लोहाचा तपकिरी पापुद्रा बसतो आणि प्रकाश अडतो. सायट्रिक आम्लाने ती नियमित धुण्याचे काम कोणाचे, हे करारात लिहिलेले नसेल तर यंत्र चालू दिसेल, पाणी मात्र तसेच राहील.

आमची मागणी अशी. कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीतील सामायिक प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टप्प्यावर दिवसाला ५ घनमीटरची, सूर्यप्रकाशावर चालणारी चाचणी पूर्ण वर्षभर, पावसाळ्यासह चालवावी. शेजारीच त्याच पाण्यावर ओझोन चालवावा. दोन्हींचा टीओसी, निवडक औषधांचे प्रमाण, प्रति घनमीटर वीज आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातले टायटॅनियम दर महिन्याला मोजून केंद्राच्या फाटकावर मराठीत लावावे. ठेकेदाराचे बिल या आकड्यांवर निघावे, यंत्र बसवल्याच्या दाखल्यावर नव्हे.

आपले नम्र,
सांडपाणी प्रक्रियेत काम करणारे पुण्यातील रसायन अभियंते